झेन्याटा ‘घरच्या अंगणातली राणी’ नव्हती

नोव्हेंबरात अमेरिकेतल्या ब्रीडर्स कपच्या, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या मोठ्या शर्यती आल्या की झेन्याटा या शर्यतीच्या घोडीबद्दलचा एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. थोडक्यात तो असा: ‘20 शर्यती, 19 विजय हा आकडा दिसतो मोठा, पण ही घरच्या अंगणातली राणी. जिंकली ती कॅलिफोर्नियाच्या कृत्रिम ट्रॅकवर, दुय्यम घोड्यांविरुद्ध. रेचल अलेक्झांड्रा या तिच्या काळातल्या दुसऱ्या नामांकित घोडीला टाळलं. खऱ्या मातीवर खऱ्या घोड्यांसमोर आली तेव्हा हरली. तरीही भावनेच्या भरात तिला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरवलं. तिची पिल्लंही काही करू शकली नाहीत.’

घोड्यांच्या शर्यती आवडीने बघणारी माणसंही हे खरं धरून पुढे पाठवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तोडलेलं आहे. उरलेला अर्धा भाग जोडला की चित्र पार बदलतं.

आधी ट्रॅकचा मुद्दा. 20 पैकी 17 शर्यती तिने कृत्रिम ट्रॅकवर धावल्या, हे खरं. पण तो ट्रॅक तिच्यासाठी कोणी निवडला नव्हता. मातीच्या ट्रॅकवर घोडे पाय मोडून मरत होते, म्हणून कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बोर्डाने 2006 मध्ये राज्यातल्या मोठ्या रेसकोर्सना 2007 अखेरपर्यंत कृत्रिम ट्रॅक बसवायला लावले. वाळू, धागे, रबराचे तुकडे आणि मेण यांचं ते मिश्रण. हॉलिवूड पार्क, सांता अनिता, डेल मार या तिन्ही ठिकाणी तेच होतं. झेन्याटाची पहिली शर्यत 22 नोव्हेंबर 2007 ची, हॉलिवूड पार्कमधली. तिचे ट्रेनर जॉन शिरेफ्स यांचा तबेलाही तिथेच. ती निवृत्त झाल्यानंतर, डिसेंबर 2010 मध्ये, सांता अनितावर पुन्हा माती आली. म्हणजे तिची सगळी कारकीर्द नेमकी त्या काळात बसली, जेव्हा तिच्या राज्यातल्या मोठ्या रेसकोर्सवर मातीचा मुख्य ट्रॅकच नव्हता.

मग मातीवर ती कधी धावली? तीनदा. एप्रिल 2008 मध्ये आर्कान्सातल्या ओकलॉन रेसकोर्सवर, ॲपल ब्लॉसम या शर्यतीत. तिथे समोर जिंजर पंच होती, 2007 ची सर्वोत्तम प्रौढ घोडी. झेन्याटाची ही कारकिर्दीतली जेमतेम तिसरी शर्यत, जॉकी माइक स्मिथ पहिल्यांदाच तिच्या पाठीवर, आणि ती साडेचार लांबींनी (एक लांबी म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी) जिंकली. जिंजर पंच तिसरी आली. 2010 मध्ये तीच शर्यत तिने पुन्हा मारली, तीही चार लांबींहून जास्त फरकाने. तिसरी शर्यत केंटकीतल्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवरची, तिच्याकडे येतोच. मातीवर दोन सहज विजय आणि एक दुसरा क्रमांक, हा हिशेब त्या मजकुरात कुठेच नसतो. मे 2009 मध्ये चर्चिल डाउन्सला नेऊनही पावसाने ट्रॅक ओला झाल्यावर शिरेफ्स यांनी तिला उतरवलं नाही, तेवढं मात्र टीकाकार आठवणीने सांगतात. चिखलात न धावणं आणि मातीला घाबरणं यात फरक आहे, आणि तो 2010 च्या ओकलॉनने दाखवून दिला.

‘दुय्यम घोड्यांविरुद्ध’ या आरोपाला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण यात 7 नोव्हेंबर 2009 हा दिवस सोयीने गाळला जातो. त्या दिवशी सांता अनिताला ब्रीडर्स कप क्लासिक, म्हणजे ब्रीडर्स कपमधली मुख्य शर्यत होती. दहा फर्लांग (साधारण दोन किलोमीटर), 12 घोडे, त्यात घोडी एकटी झेन्याटा. ही शर्यत 1984 पासून चालू आहे आणि तोवर एकाही घोडीने ती जिंकलेली नव्हती. तिच्यासमोर त्या वर्षीचा केंटकी डर्बी विजेता माइन दॅट बर्ड होता. बेलमाँट आणि ट्रॅव्हर्स या मोठ्या शर्यती मारलेला समर बर्ड होता. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटची चॅम्पियन स्टेक्स जिंकून आलेला ट्वाइस ओव्हर होता, आयर्लंडहून आलेला रिप व्हॅन विंकल होता, आणि गवतावरचा अव्वल घोडा जिओ पोंटीही होता.

इथे कृत्रिम ट्रॅकचा युक्तिवाद पुढे करणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारतो. मातीवरच्या घोड्यांना तो ट्रॅक मानवत नव्हता आणि गवतावरच्या घोड्यांना मानवत होता, हे अगदी मान्य. 2008 ची क्लासिक तिथेच झाली, कर्लिनसारखा मातीवरचा दादा घोडा हरला आणि युरोपातून आलेले रेव्हन्स पास आणि हेन्री द नॅव्हिगेटर पहिले-दुसरे आले. मग 2009 मध्ये झेन्याटाच्या मागे दुसरा कोण होता? जिओ पोंटी, गवतावरचा. तिसरा? ट्वाइस ओव्हर, गवतावरचा. ज्यांना तो ट्रॅक सर्वांत सोयीचा, तेच दोघे तिच्या पाठोपाठ आले. समर बर्ड आणि माइन दॅट बर्ड यांचा पराभव हवा तर बाजूला ठेवा. जिओ पोंटीचं काय करणार? त्या वर्षी प्रौढ नरांतला सर्वोत्तम घोडा म्हणून त्याचीच निवड झाली.

आणि ती जिंकली कशी, हे ज्याने पाहिलं नसेल त्याने तो व्हिडिओ जरूर पाहावा. गेट उघडल्यावर ती नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे. सतरा हातांहून (घोडा मोजायचा हात, म्हणजे चार इंच) उंच घोडी, अंगाने भारी, वेग धरायला वेळ घेणारी. शेवटच्या वळणावर स्मिथने तिला घोड्यांच्या गर्दीतून काढलं, सरळ रस्त्यावर बाहेरच्या बाजूला आणलं, आणि तिथून ती एकेकाला मागे टाकत गेली. जिंकली एका लांबीने, पण शेवटच्या काही ढांगांत तिचे कान उभे होते, म्हणजे पूर्ण जोर लागलेलाच नव्हता. तिच्या विजयांचे फरक लहान होते असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पुढे गेल्यावर ढील देणं ही तिची सवय होती. फरक मोजून तिची ताकद कळत नाही.

ज्या घोड्यांना ती नेहमी हरवायची, त्यांचंही काय झालं ते बघा. 2009 मध्ये लाइफ इज स्वीट तिच्या मागे राहिली. तीच लाइफ इज स्वीट क्लासिकच्या आदल्या दिवशी घोड्यांच्या मादीगटातली सर्वांत मोठी शर्यत, ब्रीडर्स कप लेडीज क्लासिक, जिंकून गेली. ऑक्टोबर 2010 मध्ये लेडीज सिक्रेट या शर्यतीत स्विच नावाची घोडी तिच्या मागे दुसरी आली. तीन महिन्यांच्या आत स्विचने ला ब्रेआ ही ग्रेड 1, म्हणजे सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकली. शिवाय यातल्या काही शर्यती हँडिकॅप होत्या, म्हणजे जी चांगली तिच्या पाठीवर जास्त वजन. महालक्ष्मी किंवा पुण्याचं रेसकार्ड वाचणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. 2010 च्या व्हॅनिटी हँडिकॅपमध्ये झेन्याटावर 129 पाउंड होते, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न किलो. दुसऱ्या आलेल्या सेंट ट्रिनियन्सवर 120. चार किलोंचा हा फरक पाठीवर घेऊन तिने शेवटच्या क्षणी सेंट ट्रिनियन्सला गाठलं. व्हॅनिटी तिने सलग तीन वर्षं जिंकली. एकूण ग्रेड 1 विजय 13.

नुसत्या 19 या आकड्याला मीही फार महत्त्व देत नाही. न्यू मेक्सिकोत पेपर्स प्राइड नावाची घोडी 19 पैकी 19 जिंकून निवृत्त झाली, पण तिच्या शर्यती त्या राज्यात जन्मलेल्या घोड्यांपुरत्या मर्यादित होत्या. आकडा सारखाच, पण समोर कोण होतं ते अगदी वेगळं.

रेचल अलेक्झांड्राला टाळलं, हे मात्र सरळ सरळ उलटं सांगितलं जातं. रेचल असामान्य होती. 2009 ची केंटकी ओक्स तिने वीस लांबींहून जास्त फरकाने मारली. मग प्रीकनेस, हॅस्केल, वुडवर्ड या तिन्ही शर्यतींत नरांना हरवलं. त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा म्हणून तिची निवड झाली याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2009 च्या ब्रीडर्स कपला ती आली नाही, कारण कृत्रिम ट्रॅकवर तिला धावू देणार नाही असं तिचे मालक जेस जॅक्सन यांनी आधीच जाहीर केलं होतं. 2010 मध्ये ओकलॉनने दोघींना एकत्र आणण्यासाठी ॲपल ब्लॉसमचं बक्षीस 50 लाख डॉलर करायची तयारी दाखवली. अट एकच, दोघींनी धावायचं. ट्रॅक मातीचा, म्हणजे रेचलला हवा तोच. मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्सला रेचल झार्दानाकडून हरली आणि तिच्या बाजूने नकार आला. झार्दानाही शिरेफ्स यांच्याच तबेल्यातली. बक्षीस पाच लाखांवर आलं, तरी झेन्याटा विमानाने आर्कान्साला गेली, धावली आणि जिंकली. सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलेल्या मातीवर ती हजर होती.

आता तो पराभव. 6 नोव्हेंबर 2010, चर्चिल डाउन्स, दिव्यांच्या उजेडात. त्या मजकुराचा सगळा भार याच शर्यतीवर आहे, आणि माझ्या मते तो मजकूर सर्वांत जास्त इथेच कोसळतो.

आरोप काय होता? घराबाहेर, मातीवर, अव्वल घोड्यांसमोर ती टिकली नसती. या तिन्ही गोष्टी त्या रात्री एकत्र होत्या. कॅलिफोर्नियापासून दूर, जिथे ती कधीच धावली नव्हती तो ट्रॅक. समोर 11 घोडे. त्यांत प्रीकनेस आणि हॅस्केल मारलेला लुकिन ॲट लकी, वेगवान क्वालिटी रोड, जपानहून आलेला एस्पोआर सिटी. आणि ब्लेम. या घोड्याचं नाव नेहमी घाईत घेतलं जातं, पण तो कोण होता ते नीट पाहा. चार वर्षांचा, ऐन भरात, उन्हाळ्यात व्हिटनी शर्यतीत क्वालिटी रोडला हरवलेला. आणि याच चर्चिल डाउन्सवर क्लार्क हँडिकॅप आणि स्टीफन फॉस्टर जिंकलेला. त्या रात्री घरचं अंगण ब्लेमचं होतं.

सुरुवातीला झेन्याटाला चाल सापडेना. पुढच्या टापांनी उडणारी माती तोंडावर येत होती, आणि पहिल्यांदा प्रेक्षकांसमोरून जाताना ती बाकी सगळ्यांपासून इतकी मागे होती की शर्यत संपल्यासारखीच वाटत होती. पाठीमागच्या सरळ भागात ती हळूहळू जवळ आली. शेवटच्या वळणावर तिला मोकळी वाट मिळाली नाही, घोड्यांच्या मधून-बाजूने काढावं लागलं. तोवर गॅरेट गोमेझने ब्लेमला पुढे काढून टाकलेलं होतं. चर्चिल डाउन्सचा शेवटचा सरळ रस्ता सुमारे 1,234 फुटांचा. त्यातल्या शेवटच्या भागात फक्त ती दोघं उरली आणि प्रत्येक ढांगेला अंतर कमी होत गेलं. खांब आला तेव्हा ब्लेम डोक्याइतका पुढे होता. लुकिन ॲट लकी चौथा. क्वालिटी रोड शेवटचा.

माइक स्मिथ नंतर पत्रकारांसमोर रडला आणि दोष त्याने स्वतःवर घेतला. त्याने तिला सुरुवातीला आणखी जवळ ठेवायला हवं होतं का, यावर वाद होऊ शकतो. घोडीला नियमानुसार तीन पाउंडांची सवलत होती, तीही हिशेबात धरा. ब्लेम त्या रात्री सरस ठरला आणि त्याचा विजय निखळ आहे. पण दहा फर्लांगांनंतर डोक्याएवढ्या अंतराने दुसरी आलेली घोडी ‘टिकली नाही’ कशी? बाकी दहा घोडे तिच्या मागे होते. सहा वर्षांची घोडी, परक्या ट्रॅकवर, देशातल्या उत्तम घोड्यांमध्ये, वाईट सुरुवातीनंतर इतकं अंतर कापते, तर त्या एका रात्रीने आधीच्या 19 विजयांवरचा संशय उरायला नको. तिचे विजय फक्त ट्रॅकच्या कृपेचे असते, तर ती इथे सातवी-आठवी आली असती.

म्हणूनच 2010 चा ‘वर्षातला सर्वोत्तम घोडा’ हा सन्मान भावनेपोटी दिला गेला असं मला वाटत नाही. तो वर्षभराच्या कामगिरीचा असतो. त्या वर्षी तिचे पाच ग्रेड 1 विजय होते आणि एक निसटता दुसरा क्रमांक. ब्लेमनेही त्याआधी जॉकी क्लब गोल्ड कपमध्ये हेन्सफील्डकडून हार खाल्ली होती. दोघांत ब्लेमला निवडणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. पण 2008 ला कर्लिन आणि 2009 ला रेचल निवडली गेली तेव्हा भावना कुठे होती?

पिल्लांबद्दल एवढंच. तिची पिल्लं शर्यतीत चमकली नाहीत, काही तर लहानपणीच गेली. यावरून तिच्या धावण्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

झेन्याटाच्या कारकिर्दीवर खरी टीका करायची असेल तर ती वेगळीच आहे. 20 शर्यतींत ती नरांसमोर फक्त दोनदा उतरली. 2010 च्या उन्हाळ्यात हॉलिवूड गोल्ड कप आणि डेल मारची पॅसिफिक क्लासिक या दोन्ही मोठ्या शर्यती तिच्या घराजवळच होत्या. तिला मात्र पुन्हा व्हॅनिटी आणि क्लेमेंट हर्श या माद्यांच्या शर्यतींत धावायला लावलं. गोल्ड कप ऑसम जेमने जिंकला, पॅसिफिक क्लासिक रिचर्ड्स किडने. हे दोघेही 2009 च्या क्लासिकमध्ये झेन्याटाच्या मागे होते. माझ्या मते त्या दोन्ही शर्यती तिच्याच होत्या. तिला तिथे न उतरवण्याचा निर्णय मालक आणि ट्रेनर यांचा, आणि त्याबद्दल त्यांना जरूर विचारावं. घोडीला जिथे नेलं, तिथे ती धावली.