रंगीत ढग, अवकाळी आणि पतंगाचं गणित

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. निळ्या-जांभळ्या ढगांचा फोटो आणि खाली मजकूर: 'परदेशी लोक रॉकेटमधून रसायनं सोडतात, म्हणून अवकाळी येतो, आपली द्राक्षं जातात. हे ढग किती उंच, ते शास्त्रज्ञही अंदाजानेच सांगतात. ढग वाकडातिकडा होतो, म्हणजे कुणीतरी वळवतंय.'

फोटो खरा आहे. ५ एप्रिल २०१९ला नॉर्वेतल्या अँडोयाहून नासाची दोन रॉकेटं उडाली, त्यांनी सोडलेले हे ढग. बाकीचं बघू.

'उंची अंदाजाने' म्हणे! येवल्यात संक्रांतीला गच्चीवर चढलेल्या कुणीही असं म्हणू नये. एकच पतंग मला पाण्याच्या टाकीवर दिसतो, चार घरं पलीकडच्या मित्राला पिंपळावर. दोन गच्च्यांमधलं अंतर आणि दोघांच्या नजरेचे कोन हाती आले की पतंगाची उंची कागदावर निघते. ढगांसाठी गच्च्यांऐवजी लांबलांबचे कॅमेरे, आणि टाकी-पिंपळाऐवजी मागचे तारे. समजा, ढग नाशिक-पुण्याच्या बरोबर मध्यावर आहे. हवाई अंतर साधारण १६५ किलोमीटर, त्याचं निम्मं ८२.५. दोन्हीकडून तो क्षितिजापासून ५० अंशांवर दिसला, तर ८२.५ गुणिले १.१९, म्हणजे ९८ किलोमीटर. पृथ्वीचा बाक धरला की शंभराच्या जरा वर. दहावीची त्रिकोणमिती, दुसरं काही नाही.

'ढग वाकडातिकडा होतो, म्हणजे कुणीतरी वळवतंय.' वळवतो तो वारा. तिथे तो सेकंदाला १०० मीटरहून जोरात वाहू शकतो, आणि दर थराला त्याची दिशा वेगळी. थोड्या थोड्या वेळाने तोच त्रिकोण पुन्हा मांडायचा, की कुठल्या उंचीवर वारा कुठे आणि किती, ते कळतं. एवढा खटाटोप त्याचसाठी असतो.

'परदेशी कारस्थान' हे तर राहूच द्या. २१ नोव्हेंबर १९६३ला आपल्या केरळातल्या थुंब्याहून उडालेलं पहिलंच रॉकेट सोडियमची वाफ घेऊन गेलं होतं. संध्याकाळच्या आकाशात तिचा नारिंगी ढग उमटला होता.

राहिला अवकाळी. अशा ढगांसाठी सोडतात त्यात बेरियमही असतं, आणि त्याची काही संयुगं विषारी असतात, हे कबूल. पण रॉकेटात मावेल एवढं रसायन शंभर किलोमीटरवर पसरल्यावर उरतं किती? आपले पावसाचे ढग फार तर पंधरा-सतरा किलोमीटरपर्यंत चढतात. निफाडला मणी तडकले त्याचा जाब पश्चिमी झंझावाताला आणि समुद्रावरून आलेल्या बाष्पाला विचारा.

हे ग्रुपवर टाकलं, तर एका काकांचा सवाल: 'मग पुण्याचा कोन कोण मोजणार?' त्यांचा पुतण्या हिंजवडीत असतो.