नफा दिसतो, स्पेंटवॉश दिसत नाही

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या शेअरवाल्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: पर्यावरण अहवाल म्हणजे गुळगुळीत कागदावरची झाडांची चित्रं, भाव ठरतो नफ्यावर. साखर कारखान्यांचे शेअर इथेनॉलवर, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलवर, पळतात, नदीवर नाही. प्रदूषण रोखायचा खर्च म्हणजे भागधारकाच्या खिशाला कात्री. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत एवढा घोटाळा केला, काय बिघडलं तिचं? आणि हे सगळे मोठ्या कंपन्यांचे चोचले.

आधी साखर, कारण अथणी-चिकोडी पट्ट्यात तोच जिव्हाळ्याचा विषय. इथेनॉलवर भाव पळतो हे खरंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, तेव्हा हे शेअर धडाधड पडले. पण मळीपासून (साखर काढल्यावर उरणाऱ्या काकवीसारख्या पाकापासून) एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. काळपट, उग्र वासाचा. ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो आणि मासे मरून वर येतात. म्हणून अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी सर्वाधिक प्रदूषणाच्या ‘लाल’ वर्गात मोडते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असेल तरच चालते. संमती थांबली की गाळप जोरात असलं तरी इथेनॉल बंद. म्हणजे ज्या इथेनॉलवर शेअर पळतो, ते या काळ्या पाण्याची सोय लागली तरच बनणार. ज्यांनी स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळायची व्यवस्था केली, त्यांना वाफ मिळते आणि राखेतलं पोटॅश खतासाठी विकता येतं. यंत्रणा महाग आहे, लहान कारखान्याचं कंबरडं मोडू शकतं, हे मान्य. पण तिला नुसता खर्च म्हणणं म्हणजे वहीचं एकच पान वाचणं.

भाव फक्त नफ्यावर ठरतो? अमेरिकेत १९८९ साली कारखान्यांच्या विषारी उत्सर्जनाचे आकडे पहिल्यांदा जाहीर झाले. त्यात नावं आलेल्या नोंदणीकृत कंपन्यांचं बाजारमूल्य त्या एका दिवसात सरासरी ४१ लाख डॉलरने घटलं. कारखाने तेच, धंदा तोच, फक्त आकडा चव्हाट्यावर आला. फोक्सवॅगनचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०१५ मध्ये काही दिवसांत शेअर सुमारे एक तृतीयांश खाली आला, आणि दंड-भरपाईचा एकूण भुर्दंड पुढे ३० अब्ज युरोंवर गेला. गाड्या विकल्या जातात म्हणून भागधारकाचं नुकसान झालं नाही, असं नसतं.

चित्रांच्या मुद्द्यात मात्र दम आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला. त्यातली चित्रं सोडा आणि पर्यावरणाच्या सहाव्या तत्त्वाचं पान उघडा. वीज, पाणी, उत्सर्जन, कचरा, आणि उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे हे प्रमाण किती. खाली एक बारीक ओळ असते: बाहेरच्या संस्थेकडून तपासणी झाली का, झाली असल्यास कोणाकडून. मी आधी ती ओळ वाचतो. कारण गुजरातेतला प्रयोग. तिथे कारखानाच स्वतःचं प्रदूषण मोजणारा लेखापरीक्षक निवडायचा आणि पैसेही तोच द्यायचा. अहवालातले आकडे बहुतेक मर्यादेच्या जेमतेम खाली. मग काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठी टाकल्यासारखे नेमून दिले, त्यांना पैसे सामाईक निधीतून दिले आणि फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे यायला लागले, आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही घटलं. म्हणजे दोष अहवालात नाही, तो कोणाच्या पैशाने तपासला जातो यात आहे.

उलट बाजूही सांगतो. स्वच्छ कंपन्या नफ्यात दिसतात तेव्हा स्वच्छतेमुळे नफा झाला, की नफा आहे म्हणून स्वच्छता परवडली, हे वेगळं काढणं अवघड असतं. ‘हिरवा शेअर घ्या, पैसे दुप्पट’ असं कोणी सांगत आलं तर त्यालाही दारातूनच परत पाठवा.

राहिले चोचले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्रीचा शेअर बाजारात नाही, पण तिच्याकडून माल घेणारी कंपनी बाजारात असू शकते. मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांनी, ज्यांच्याकडून २ टक्के किंवा जास्त खरेदी होते अशा पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असं सेबीचं म्हणणं आहे. सध्या ते ऐच्छिक आहे. तरी एक टन ओतकामाला किती युनिट वीज लागली आणि वापरलेली वाळू कुठे टाकली, एवढं तरी आत्तापासून लिहून ठेवा. ऑर्डर देणारा विचारेल तेव्हा वही लागेल.