एक सुई कमी

रात्री पावणेबारा वाजता मी दिवाणखान्यात पालथा पडून एका गोधडीवरून लोहचुंबक फिरवत होतो. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, बशीएवढं, चांगलं जड लोहचुंबक. बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं आधी दिवा लावला, मग चष्मा लावला आणि मग विचारलं, "अहो, काय हरवलंय?"

"काही नाही."

"काही नाही ते कुणी पोटावर पडून शोधतं का?"

सुई हरवली होती. संध्याकाळी शेवटच्या गोधडीचा गोट शिवायला घेतला तेव्हा पाकिटात १० सुया होत्या, आता ९ होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दहाच्या दहा गोधड्या एका रुग्णालयाच्या लहान मुलांच्या वॉर्डात पोचवायच्या होत्या. लहान मुलाच्या अंगावर आपण सुई पांघरणार आहोत की काय, या विचारानं माझाच टाका उसवत चालला होता.

मी मुळात शिवणकाम करणारा माणूस नव्हे. निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर बोटं हलती ठेवायला सांगितलं आणि दाबायला एक स्पंजचा चेंडू दिला. तीन दिवस चेंडू दाबला. चौथ्या दिवशी तो खिडकीतून खाली गेला (कसा गेला ते विचारू नका) आणि मी माळ्यावरचा आईचा शिवणाचा डबा काढला. त्यात तिचं अंगुस्तान होतं, मेणाचा एक गोळा होता आणि कशाकशाची बटणं होती. त्यांतलं एक मी माझ्या शर्टाला लावलं. दोन दिवसांत ते निम्म्या नातेवाइकांना कळलं.

बाप्या माणसानं हातात सुई धरली की तिचा उत्सव होतो. "काय सुरेख हो!" "किती नीट!" "काकांचा हात बघा!" बायको हे सगळं ऐकून एकदाच म्हणाली, "तुमच्या आईंनी जन्मभर शिवलं, कुणी टाळी वाजवली नाही. तुम्ही बटण लावलंत तर सत्कार व्हायचा बाकी आहे." ते खरंच होतं. पण टाळी चढते. त्यामुळे वॉर्डातल्या मुलांसाठी गोधड्या शिवणाऱ्या एका गटातल्या बाईंनी "तुम्ही किती द्याल?" असं विचारलं, तेव्हा दोन म्हणायला उघडलेल्या तोंडातून दहा बाहेर पडलं.

गोधडी म्हणजे चौकोनाला चौकोन जोडायचा, त्यात काय, असं मला वाटत होतं. माप ठरलेलं होतं, ३ फूट बाय ४ फूट. ४ इंचाचा चौकोन धरला तर आडवे ९ आणि उभे १२, म्हणजे १०८ तुकडे. शिवणीसाठी चारी बाजूंना पाव इंच सोडायचं, म्हणून कापताना साडेचार इंचाचा कापायचा. इथपर्यंतचं गणित मला झोपेतही येतं, आयुष्यभर हिशेबच केले आहेत. पण कापड हिशेबाला बसत नाही. शिवताना माझ्याकडून दर चौकोनामागे फक्त एक सूत जास्त दाबलं गेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कुणाच्या खिजगणतीत नसलेली गोष्ट. नऊ चौकोनांची ओळ झाली तेव्हा ती ९ सूत कमी भरली, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी. पुढची ओळ मी फार काळजी घेऊन अगदी बरोबर शिवली, त्यामुळे ती पहिलीला जुळेना. सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक ऐकले होते. मी सुतावरून थेट दुसऱ्या टोकाला पोचलो.

मग उसवलं. शिवण्यापेक्षा उसवण्यात माझा हात लवकर बसला, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

त्यात काही तुकडे उरेब कापले गेले होते. उभ्या-आडव्या धाग्यात कापलेलं कापड शहाण्यासारखं वागतं. तिरकं कापलं की ते ओढाल तिकडे येतं आणि सोडलं की परत जात नाही. असे सात-आठ चौकोन एका ओळीत आले आणि ती ओळ आमच्या घराण्यातल्या काही माणसांसारखी झाली. दोन्ही टोकांना ठीक, मधे फुगीर.

सुयांची वेगळीच गंमत. १२ नंबरची सुई मागितली, कारण १२ म्हणजे मोठी आणि माझ्या बोटांना मोठीच बरी. हातशिलाईच्या सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हे पाकीट फोडल्यावर कळलं. त्या सुईचं नेढं मला दिसेना. नेढं आहे या श्रद्धेवर मी पंधरा मिनिटं दोरा पुढे-मागे करत होतो. शेवटी शेजारची सहा वर्षांची मुलगी आली, तिनं एका दमात दोरा ओवला आणि "आजोबा, अजून आहेत का?" असं विचारलं. मी तिच्याकडून एकदम दहा सुया ओवून घेऊन त्या उशीत खोचून ठेवायला लागलो. मग ७ नंबर आणला आणि तिचा रोजगार गेला.

सारखा ओवायला नको म्हणून मी दोरा वावभर घ्यायचो. लांब दोरा पीळ खातो, त्याच्या गाठी होतात आणि तो प्रत्येक टाक्याला कापडातून ओढून निघाल्यानं शेवटी-शेवटी पिंजारतो. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत घ्यावा, मेणावरून फिरवावा. आईच्या डब्यातला तो चरे पडलेला गोळा कशासाठी होता, ते मला पासष्टाव्या वर्षी कळलं. त्यावर तिच्या दोऱ्याच्या खाचा होत्या. मी मुद्दाम वेगळ्या बाजूनं दोरा फिरवायचो.

वरचा थर, मधलं भरण आणि खालचं अस्तर धरून ठेवायला धावदोरा घालायचा. दर दोन इंचांवर एक, अशा १७ उभ्या ओळी, प्रत्येक ४८ इंच. कसलेल्या हाताचे इंचाला आठ-दहा टाके येतात, माझे पाच येत. म्हणजे एका गोधडीत ४,०८० टाके आणि दहांत ४०,८००. हा हिशेब मी तिसऱ्या गोधडीच्या मध्यावर केला. करायला नको होता. त्यानंतर प्रत्येक टाका मला ४०,८०० मधला एक दिसायला लागला.

बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पांढऱ्या चौकोनावर पडला, तो मी लगबगीनं गरम पाण्यानं धुतला. रक्ताला थंड पाणी लागतं, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. त्या चौकोनावर आता एक लाल पान शिवलेलं आहे. बघणारे नक्षी समजतात.

वॉर्डातल्या सिस्टरांनी सूचनांचा कागदच दिला होता. बटण नको, मणी नकोत, रिबिनीचे फास नकोत, सुटे धागे नकोत, अत्तर नको. कापड आधी धुतलेलं हवं, म्हणजे नंतर आटणार नाही आणि रंगही सोडणार नाही. आणि गोधडी रुग्णालयाच्या कडक धुलाईत टिकली पाहिजे. मी भीतभीत विचारलं, "तान्ह्या बाळांसाठी छोट्या करू का दोन?" त्या म्हणाल्या, "करा, पण बाळाच्या अंगावर नाही हं घालणार आम्ही." वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सैल पांघरूण ठेवू नये, तोंडावर येण्याची भीती असते. मग छोट्या गोधडीचं काय करता? तर ती काचपेटीवर वरून टाकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. माझे चार हजार टाके काचेच्या पेटीला पांघरायचे, हे ऐकून मी क्षणभर खट्टू झालो. पण सांगण्याची पद्धत आवडली. हवं ते, नको ते, माप, तारीख. वर "छान छान" काही नाही.

घरच्यांचं याच्या नेमकं उलट. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं दानाच्या दहा गोधड्या अंगावर असताना नातेवाइकांच्या मागण्या सुरू झाल्या. त्यांना ना माप असतं ना तारीख. बहिणीनं पडद्याचा तुकडा पाठवला, "याला जुळेल अशी कर, दादा." मी जुळवली. तिनं वर्षाच्या आत पडदे बदलले. मेहुणे सहा फूट दोन इंच. त्यांना नेहमीच्या मापाची दिली, तर त्यांचे पाय बाहेर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं मी सुचवलं, ते त्यांना लागलं. पुतण्याला दिलेली गोधडी मी पुढच्या वेळी पाहिली ती त्याच्या गाडीखाली, तिच्यावर तो पाठ टेकून पडलेला. "काका, काय मऊ आहे!" म्हणाला. मनापासून म्हणाला, त्यामुळे काही बोलताही येईना.

पण सगळ्यांत जास्त जिव्हारी लागली ती सूनबाईची. तिला मी तीन महिने खपून, प्रत्येक कोपरा कोपऱ्याला भिडवून एक दिली होती. इंचाला सात टाके! त्यांच्याकडे राहायला गेलो तर रात्री ती मला बाजारची चादर देऊन गेली. गोधडीचं विचारलं. "बाबा, ती इतकी सुंदर आहे ना, की वापरायचा जीवच होत नाही. नीट ठेवलीय." कपाट उघडून दाखवलीही. प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसकट. पार्थिव दर्शन घेतल्यासारखं मी तिला लांबूनच बघितलं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये चौदाव्या शतकातली गोधडी आहे. सिसिलीत झालेली. लिनन कापडाच्या दोन थरांत कापूस भरून अख्खी गोष्ट शिवलीय तिच्यावर, माणसं, घोडे, जहाजं. सहाशे वर्षांहून जास्त टिकलीय."

"तिलाही सूनच असणार," बायको म्हणाली.

तर, लोहचुंबक. सुई दहाव्या गोधडीतच असणार हे मला कळत होतं, कारण संध्याकाळी मी तेवढीच हातात घेतली होती. पण रात्री बाराला कळणं आणि वळणं यांत अंतर पडतं, म्हणून मी पहिलीपासून सुरुवात केली. पाच गोधड्या निघाल्या. सहावीच्या कोपऱ्यावर लोहचुंबक टक्‌ करून चिकटलं.

"सापडली!" मी ओरडलो. बायको खाली बसली. कातर आणली, तेवढा चौकोन उसवला, भरण बाजूला केलं. आत एक हूक होता. पँटचा. माझ्याच जुन्या राखाडी पँटचा तुकडा कापताना मी कमरेच्या पट्टीसकट कापला होता आणि हूक आतल्या बाजूनं तसाच शिवून टाकला होता. बायकोनं तो हूक दिव्यासमोर धरून ओळखला. "ही पँट मी तुम्हाला टाकून द्यायला सांगितली होती."

सुई हरवली नसती तर तो हूक वॉर्डात गेला असता. मी तो काढला आणि रात्री एक वाजता पुन्हा चौकोन शिवला. नऊ सुयांपैकी एक घेऊन, आणि काम झाल्यावर ती मोजून परत ठेवून.

दहावीवरून लोहचुंबक चार वेळा फिरवलं. काही नाही. तळहातानं इंच न् इंच दाबून पाहिली. काही नाही. सतरंजी झटकली, खुर्चीची गादी उचलली, माझा सदरा उलटा केला, बायकोनं केरसुणी पिंजून पाहिली. सुई नाही ती नाहीच. बायको म्हणाली, "नसेल त्यात. लोहचुंबक खोटं बोलेल का?" नसेल बोलत. पण "नसेल" या शब्दावर मी ती मुलांना द्यायला तयार नव्हतो.

सकाळी नऊ गोधड्या घेऊन गेलो. सिस्टरांनी प्रत्येक गोधडी टेबलावर पसरली आणि आधी उलटी करून पाठ पाहिली. त्यांनाही हात फिरवून, दाबून बघायची सवय होती, मी न सांगता. नऊ झाल्यावर म्हणाल्या, "दहा म्हणाला होतात ना?"

"एक घरी ठेवलीय."

"वा, घरच्यांसाठी पण हवी की एखादी."

मी हो म्हटलं.

ती आता आमच्याकडेच असते. तिला प्लॅस्टिकची पिशवी नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत, कुणाच्या पडद्याशी ती जुळत नाही आणि पाहुण्यांना ती आम्ही देऊ शकत नाही. लहान मुलाचं माप असल्यानं दोघांत मिळून गुडघ्यापर्यंतच पुरते. रोज रात्री आम्ही तीच घेतो. बायको तिची बाजू आधी तळहातानं चाचपते, मग आडवी होते आणि दिवा घालवल्यावर अंधारातून सांगते, "कूस बदलायची असेल तर आधी सांगा."