रात्री साडेबाराला खाल्लेला डबा कोणत्या दिवसाचा?

नाइट करून नऊला घरी आलेय. डोळे चुरचुरताहेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

काल रात्री आमच्या वॉर्डातली एक ज्युनियर सिस्टर, 24 वर्षांची पोरगी, पहाटे चारच्या सुमारास मेडिसिन ट्रॉलीचा दांडा धरून मटकन खाली बसली. हात थंडगार, कपाळावर घाम. शुगर बघितली तर 62. मावशींनी धावत जाऊन साखरपाणी आणलं. आणि नर्सिंग स्टेशनच्या खालच्या कप्प्यात हिचा डबा जसाच्या तसा. झाकणसुद्धा काढलेलं नाही. आत ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि कोपऱ्यात कागदात बांधलेली शेंगाचटणी. ड्युटीला निघायच्या आधी खोलीवर स्वतः थापलेली भाकरी.

का खाल्लं नाहीस गं बाळा, म्हटलं. तर म्हणाली, "ताई, परवाचे माझे दोन हजार झाले. ग्रुपवर लाल खूण आली."

मैत्रिणींनो, माझं डोकं तिथंच फिरलं.

वजन कमी करायचा कसलासा चॅलेंज आहे. पैसे भरून. खाल्लेलं सगळं अ‍ॅपमध्ये लिहायचं आणि रोज त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, हिला दिवसाला 1400 कॅलरींची मर्यादा दिलेली. मी तिचा फोन घेतला आणि सगळं बघितलं. सोमवारी रात्री आमच्याकडे लागोपाठ दोन अ‍ॅडमिशन आल्या, त्यामुळे डबा उघडायला साडेबारा वाजले. अ‍ॅपच्या हिशेबानं मंगळवार लागला होता. डब्याचे 600. सकाळी खोलीवर जाऊन नाष्टा 300. झोपून उठल्यावर संध्याकाळचं जेवण 500. झाले 1400. मंगळवारी रात्री वॉर्ड शांत होता म्हणून ही साडेअकरालाच जेवली. आणखी 600. म्हणजे एकाच तारखेत दोन रात्रींचे दोन डबे आणि आकडा 2000!

आणि सोमवार? सोमवारच्या तारखेत डबाच नाही, म्हणून तिथं फक्त 800. त्या 800 ला चॅलेंजच्या कोचनं टाळ्या दिल्यात. बारा तास पायावर उभ्या असलेल्या पोरीनं 800 कॅलरी खाल्ल्या म्हणून शाब्बास! दोन दिवसांची बेरीज करा की. 2800. भागिले दोन, 1400. पोरगी एका घासानंसुद्धा चुकलेली नाही. तरी काल सकाळी लाल खूण, खाली "कंट्रोल ठेवा", आणि काल रात्री डबा बंद.

मला सांगा, दिवस रात्री बाराला संपतो हे पोटाला कुणी सांगितलं? आमच्याच वॉर्डात पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट असतो. किती पाणी गेलं, किती सलाईन, लघवी किती. त्याची चोवीस तासांची बेरीज आम्ही मध्यरात्री करत नाही, सकाळी करतो. चोवीस तासांची लघवी तपासायला गोळा करतात तीसुद्धा सकाळपासून सकाळपर्यंत. ते सोडा, आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. मंगळवारी पहाटे तीनला जन्मलेल्या बाळाच्या पत्रिकेत वार सोमवारच मांडतात. माझी आजी एकादशी करायची. बाराचे टोले पडले, आता द्वादशी लागली, म्हणून उठून तिनं कधी भाकरी मोडली नाही. पारणं सकाळीच.

मग नोंद कशी करायची? मी गेली तीन वर्षं करतेय तेच सांगते. उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंत एक दिवस. रात्री एकला खाल्लं आणि अजून झोपला नसाल तर ते कालच्याच पानावर. बहुतेक अ‍ॅपमध्ये मागच्या तारखेवर जाऊन नोंद टाकता येते, एवढं सोपं आहे. नाइटवाल्यांनी एक वेळ ठरवून टाकावी. माझी सकाळी आठची, हँडओव्हरची, म्हणजे पुढच्या शिफ्टला वॉर्ड सोपवायची. आठच्या आधी पोटात गेलेलं सगळं कालचं. आणि रोजच्या आकड्याकडे डोळे लावून बसण्यापेक्षा आठवड्याची बेरीज करून सातानं भागा.

हो, ही हद्द सोयीप्रमाणे मागंपुढं करून स्वतःला फसवणारेही असतात, मान्य. म्हणून तर म्हणते, एकदा ठरवली की बदलू नका.

आणि रात्रीचं खाणं शरीराला जड जातं, हेही खरं. शरीराच्या घड्याळावर 2017 चं नोबेल मिळालंय, ते काही उगाच नाही. रात्री तीच भाकरी खाल्ली तर साखर जास्त चढते. पण ज्यांना रात्र जागून काढायचीच आहे त्यांनी काय करायचं? उपाशी पोटी सलाईन लावायची? चुकीचा डोस गेला तर तो कुणाच्या तारखेला मांडणार?

परत तो डबा आठवतोय. चारला तिला थोडं बरं वाटल्यावर मी झाकण काढलं. भाकरी कडक झालेली. तिनं एक तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घालायच्या आधी डाव्या हातानं फोन शोधला. नोंद करायला. मी म्हटलं, आधी खा. तर डोळ्यांत पाणी.

इतकी प्रामाणिक पोरगी आहे. चटणी दोन चमचे म्हणजे साठेक कॅलरी हेसुद्धा लिहिते. आपल्यातल्या किती जणी लिहितात? घरी रात्री साडेअकराला ओट्याशी उभं राहून डब्यातला मूठभर चिवडा, मुलाच्या ताटात उरलेलं चार घास, मूठभर शेंगदाणे. तीस ग्रॅम शेंगदाणे म्हणजे 170 कॅलरी. चहात दोन चमचे साखर म्हणजे 40, आणि नाइटला चार चहा होतात. हे सगळं "उद्याच्यात टाकू" म्हणून राहतं आणि सकाळी कुणालाच आठवत नाही. मीही पहिलं वर्ष असंच केलं. वजन हलेना म्हणून रडले, आणि वहीत खाण्याच्या आधी लिहायला लागले तेव्हा कुठे समजलं. तेव्हा रात्रीचं खाल्लेलं लिहा, तिथल्या तिथं लिहा, पण लिहिलंय म्हणून दुसऱ्या दिवशी शिक्षा करून घेऊ नका गं.

त्या कोचवर मघाशी फार चिडले होते. कदाचित तोही दिवसभरात शंभर स्क्रीनशॉट बघत असेल, लाल-हिरवं करत असेल. असेना. पण समोरचा माणूस रात्री काम करतो की झोपतो, एवढं पहिल्या दिवशी विचारायला काय लागतं? पैसे घेताना पत्ता, उंची, कंबर सगळं विचारलंत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात नाइट करणारं कुणी असेल, पोलीस, कॉल सेंटर, कंपनीतली तिसरी शिफ्ट, तर आज त्यांचा डबा उघडून बघा. रिकामा येतो का?

आज रात्री आमची पुन्हा एकत्र ड्युटी आहे. तिला मेसेज केलाय, भाकऱ्या दोघींच्या मी आणतेय, तू फक्त चटणी आण. तिचा लगेच उलटा मेसेज, "ताई, एक वाजला तर?" म्हटलं, गुरुवारच्याच पानावर लिहू.