गवारीच्या डिंकात रसायनं कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मागच्या लेखात मी कार्बॉक्सीमिथाइल ग्वारबद्दल, म्हणजे रासायनिक प्रक्रिया करून गुणधर्म बदललेल्या गवारीच्या डिंकाबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: झाडाने दिलेल्या चांगल्या डिंकात आम्ही कारखानेवाले आम्ल आणि कॉस्टिक ओततो, त्याचं प्लास्टिक करून टाकतो आणि वर 'नैसर्गिक' म्हणून विकतो. हेच लाडवात आणि मुलांच्या आइस्क्रीममध्ये जाणार असेल, तर त्याचं कौतुक कसलं? तुम्ही हे तळमळीने लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आधी खाण्याचं बोलू. लाडवातला डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा, खोडातून पाझरणारा. त्याचा गवारीशी काही संबंध नाही. गवारीचा डिंक बियांतून निघतो. जगातली बहुतेक गवार आपल्याकडे पिकते, त्यातही राजस्थानच्या कोरडवाहू जमिनीत. बी तापवून भरडलं की टरफल आणि अंकुर सुटतात आणि मधला पांढरट, अर्धपारदर्शक गर उरतो. बाजारात त्याला स्प्लिट म्हणतात. स्प्लिट ओली करून चेपली, दळली, चाळली की झाला ग्वार गम. आइस्क्रीमच्या वेष्टनावर ४१२ हा आकडा असतो तो याचाच, आणि त्यात डिंकाच्या रेणूला, म्हणजे साखरेच्या लांब साखळीला, बाहेरून काहीही जोडलेलं नसतं. खाण्यात बदललेला ग्वार येतो तो एन्झाइमने साखळी तोडून आखूड केलेला, विरघळणारं फायबर म्हणून. मी ज्याबद्दल लिहिलं तो माल कापडावरच्या छपाईचा आहे, रंगाची पेस्ट दाट करायला वापरतात तो. त्याला स्वयंपाकघरात जागा नाही आणि असूही नये.

'निसर्गातलं ते निर्धोक' हे तुमचं गृहीतक मला मान्य नाही. २००७ साली युरोपात भारतातून गेलेल्या ग्वार गममध्ये डायऑक्सिन आणि पेंटाक्लोरोफिनॉल ही विषारी रसायनं सापडली. पुढच्या वर्षी युरोपीय संघाने आपल्या मालावर तपासणीच्या खास अटी घातल्या. तो खाण्यासाठीचा, साखळीत कसलाही बदल न केलेला ग्वार होता. विष आलं ते बाहेरून मिसळलेल्या जंतुनाशकातून. म्हणून डिंक बदललाय की नाही यापेक्षा त्यात शिल्लक काय राहिलंय, हे मी आधी बघतो.

आता बदलायचा कशाला? मी छपाईच्या लॅबमध्ये काम करतो, तिथलंच सांगतो. साधा ग्वार पाण्यात टाकला की वरच्या थराला लगेच पाणी लागतं आणि आत कोरडी पूड अडकते. त्या गुठळ्या स्टररखाली तासभर फिरवल्या तरी काही राहतातच, आणि स्क्रीनच्या जाळीत बसल्या की कापडावर पांढरे ठिपके येतात. शिवाय पूड पूर्ण विरघळतच नाही. टरफलाचे कण आणि प्रथिनं तशीच राहतात, पेस्ट गढूळ दिसते. उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेल्या पेस्टला सकाळी वास येतो आणि ती पातळ झालेली असते, कारण जिवाणूंना ती आवडते. सगळ्यात वाईट म्हणजे पॉलिएस्टरच्या साडीला वाफ दिल्यावर हा डिंक कापडावर घट्ट बसतो. तो काढायला गरम पाणी, सोडा, पुन्हा पाणी. तरीही कापड हाताला कडक लागतं. कार्बॉक्सीमिथाइल ग्वार थंड पाण्यात लवकर आणि स्वच्छ विरघळतो, आणि धुताना चटकन सुटतो. धुलाईचं पाणी आणि ते तापवायला जाळलेलं इंधन, दोन्ही वाचतं. हे मोजता येतं आणि आम्ही मोजतो.

राहिलं प्लास्टिक. ग्वारची साखळी मॅनोज या साखरेची, आणि साधारण दर दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज बाजूला लटकलेली. प्रत्येक साखरेवर सरासरी तीन जागा अशा असतात की तिथे नवा गट, म्हणजे अणूंचा छोटा पुंजका, बसू शकतो. छपाईच्या मालात पाच साखरांमागे एखादा गट बसला तरी मोठा फरक पडतो. साखळीचा कणा साखरेचाच राहतो. मात्र गट जितके जास्त, तितकं जिवाणूंना ते पचवणं जड जातं, हेही खरं. म्हणून लागतात त्यापेक्षा जास्त गट बसवणं मला चुकीचं वाटतं.

आणि हे गट बसवणं काही माणसानेच शोधलेलं नाही. कांडोळाचं झाड तुम्हाला माहीत असेल, पांढऱ्या खोडाचं, काही ठिकाणी त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याच्या डिंकावर अ‍ॅसिटिल गट झाडानेच बसवलेले असतात. या डिंकाच्या पुडीची जुनी बरणी उघडली की व्हिनेगरचा वास नाकात जातो, कारण ते गट हळूहळू सुटून अ‍ॅसेटिक आम्ल होतं. उलट सौम्य अल्कली वापरून तेच गट काढले की हा न विरघळणारा, फक्त फुगणारा डिंक विरघळायला लागतो.

एका मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. शाम्पूच्या बाटलीमागे 'ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराईड' असं लांबलचक नाव असतं. त्यात ग्वारला धन भार दिलेला असतो, म्हणून तो ऋण भाराच्या केसांना चिकटतो आणि केस मऊ लागतात. घटक उपयोगी आहे. पण त्याच बाटलीच्या पुढच्या बाजूला '१०० टक्के नैसर्गिक' छापणं ही सरळ दिशाभूल आहे. 'वनस्पतीपासून बनवलेला' म्हणा, तेवढं खरं आहे.

मात्र तुमचा राग जिथे खरोखर लागू पडतो, ती जागा तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. कार्बॉक्सीमिथाइल गट बसवायला मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल लागतं. ते कातडीतून शरीरात शिरतं आणि अंगावर सांडलं तर माणूस दगावू शकतो. ते हाताळणाऱ्या कामगाराला योग्य हातमोजे, पूर्ण अंगाचा पोशाख आणि जवळ शॉवर आहे का? दुसरं म्हणजे मीठ. एकेक गट बसताना मिठाचा एकेक रेणू तयार होतो, आणि सोबत थोडं सोडियम ग्लायकोलेट हा नको असलेला उपपदार्थ. अल्कोहोलने धुऊन हे काढता येतं, पण त्याला पैसे पडतात. म्हणून स्वस्त मालात मीठ तसंच राहतं, पेस्टमधून कापडावर येतं आणि धुलाईत गटारात जातं. मीठ जिवाणू खात नाहीत, गाळणीत ते अडकत नाही. नदीकाठच्या विहिरी कशाने खाऱ्या होतात, हे छपाईच्या गावांत कुणाला सांगावं लागत नाही.

मी कोणाच्या बाजूने लिहितो, असंही तुम्ही विचारलंत. माझा पगार याच धंद्यातून येतो, हे मी उघड सांगतो. नवा पुरवठादार नमुना घेऊन आला की मी आधी मीठ किती टक्के ते विचारतो, मग चिकटपणा. ज्याच्या कागदावर तो आकडा नाही, त्याचा नमुना मी ठेवून घेत नाही.