ऑइल घरी बदला, आठशे वाचवा? माझ्या हिशेबात चारशे दहा

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. मथळा 'गॅरेजवाल्यांची लूट थांबवा'. आतला मजकूर थोडक्यात असा: सर्व्हिसिंगचे बाराशे घेतात, ऑइलचा डबा चारशेला मिळतो, म्हणजे दर वेळी आठशे रुपये पाण्यात. घरी बदलायला एक पाना आणि दहा मिनिटं पुरतात. गॅरेजवाले जुनंच ऑइल गाळून परत टाकतात. ऑइल काळं दिसलं की बदला. बाइकचं वेगळं आणि कारचं वेगळं ही कंपन्यांची चाल आहे, महागातलं कारचं सिंथेटिक टाका. वॉरंटी कोणी रद्द करू शकत नाही, कोर्टाचा निकाल आहे. आणि निघालेलं ऑइल वाळवीला लावा.

तिघांनी मला मुद्दाम पाठवला, कारण मी 2016 पासून माझ्या स्प्लेंडरचं ऑइल घरीच बदलतो. त्यांना वाटलं मी खूश होईन. मला उलट राग आला, कारण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच इंजिनं बसतात.

पैशापासून सुरुवात करू, कारण मेसेज पळतोय तो त्या आठशे रुपयांवर. गेल्या वर्षी घरच्या स्कूटरचं बिल मी सांभाळून ठेवलं होतं. ऑइल 420, वायसर 10, मजुरी 350, धुलाई 100, 'कन्झ्युमेबल्स' म्हणजे किरकोळ साहित्य 60 आणि कोणी न मागितलेलं इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुण्याचं द्रव्य, 250. एकूण 1,190. मेसेजवाल्याने या अख्ख्या बिलातून नुसत्या डब्याची किंमत वजा केली. पण त्या 350 मजुरीत ब्रेक, एअर फिल्टर, केबल, टायरची हवा हे सगळं आलं. घरी ऑइल बदलून ब्रेक आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. फ्लश आणि कन्झ्युमेबल्स मिळून 310 रुपये मात्र खरोखर उकळलेले आहेत, याबद्दल माझं दुमत नाही. ते वाचवायला पाना लागत नाही. गाडी सोडताना जॉबकार्डवर 'फ्लश नको' लिहून घेतलं की झालं.

नुसतं ऑइलच बदलायचं असेल तर कोपऱ्यावरचा फिटर काय घेतो? आमच्या सांगलीत पन्नास ते शंभर. डबा त्याच्याकडून घेतला तर बऱ्याचदा काहीच नाही. म्हणजे घरी बदलून वाचणारी रक्कम फार तर शंभर रुपये. मला वाटतं हे आठशेचं गणित परदेशी व्हिडिओंतून आलंय. माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तो घरासमोर कार रॅम्पवर चढवून ऑइल बदलतो आणि त्याला ते परवडतं, कारण तिथे मेकॅनिकच्या तासाला जो दर आहे त्यात आपल्याकडे दिवसभराचं काम होईल. आपल्याकडे बिलातला मोठा वाटा ऑइलचा असतो आणि ते घरी बदलणाऱ्यालाही विकतच घ्यावं लागतं.

मी माझा हिशेब मांडून बघितला. नऊ वर्षं, वर्षाला दोनदा, अठरा वेळा. दर वेळी सरासरी सत्तर रुपये मजुरी वाचली असं धरलं तर 1,260. त्यातून सतराचा रिंग पाना 160, नरसाळं 40. आणि लेथवाल्याला दिलेले 650. शिल्लक 410 रुपये.

ते 650 कसे गेले ते सांगतो, कारण 'दहा मिनिटांचं काम' या मुद्द्याला तेच उत्तर आहे. 2018 चा गणपतीचा आठवडा. ऑइल काढलं, नवीन भरायच्या आधी खालचा नट (जो काढला की ऑइल बाहेर येतं तो) बसवला, आणि गळू नये म्हणून पान्याच्या दांड्यात नळाचा पाइप अडकवून एक जोरदार पीळ दिला. आधी घट्ट लागला, मग एकदम सैल. ज्याच्या हातून असं झालंय त्याला ती जाणीव माहीत आहे: हाताखाली काहीतरी लोण्यासारखं सरकतं आणि पोटात खड्डा पडतो. नट पोलादाचा, इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं. पोलादाला काही होत नाही, आटे जातात ते केसिंगचे. लेथवाले मिरवणुकीच्या तयारीत, त्यामुळे पाच दिवस गाडी पार्किंगमध्ये पडून. जुना नट टेफ्लॉन टेप गुंडाळून लावला तरी थेंब थेंब गळतच होतं. पेव्हर ब्लॉकवर ताटाएवढा काळा डाग पडला. त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्याशी दोन महिने नीट बोलणं टाकलं होतं. शेवटी लेथवाल्याने भोक मोठं करून बुश, म्हणजे नव्या आट्यांची धातूची नळी, बसवला तेव्हा गाडी रस्त्यावर आली.

आता मी पाना मुठीत पार टोकाला धरत नाही, मधे धरतो. बोटाने जेवढा फिरेल तेवढा नट आधी हाताने फिरवतो आणि दर वेळी वायसर नवा टाकतो, दहा रुपयांची वस्तू आहे. गाडी पाच मिनिटं चालवून आणायची, म्हणजे ऑइल पातळ होऊन सगळं उतरतं. मेन स्टँडवर लावायची. पूर्ण निथळायलाच पंधरा मिनिटं जातात. भरल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, थोडं थांबायचं आणि मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघायची. स्प्लेंडरची डिपस्टिक पातळी बघताना पिळून बसवायची नसते, नुसती टेकवायची. पिळून बघितली तर ती जास्त खोल जाते, पातळी पुरेशी वाटते आणि ऑइल कमी राहतं. शिवाय डब्यात लिटर असलं तरी अख्खा लिटर ओतायचा नसतो, थोडं जुनं आत राहिलेलंच असतं. हात धुण्यासकट मला पाऊण तास लागतो, तोही नऊ वर्षांच्या सवयीने. आणि कारखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरायचं तर अजिबात नाही. जॅक चाक बदलायला दिलेला असतो. खाली शिरायचं तर रॅम्प किंवा स्टँड हवेत.

'जुनंच ऑइल गाळून परत टाकतात.' गाळून काळं ऑइल सोनेरी होत नाही. त्यातली काजळी इतकी बारीक असते की कापडातून आरपार जाते. कोणी परत टाकलंच तर पेट्रोल गाडीत डिपस्टिक तिथल्या तिथे सांगेल, म्हणून गॅरेजमधून निघण्याआधी ती पुसून बघा. डिझेल गाडीत मात्र ही परीक्षा फसते, तिथे नवं ऑइलही लगेच काळवंडतं. फसवाफसवी होत नाही असं मी म्हणत नाही, पण ती वेगळ्या तऱ्हेची असते. बॅरलमधलं सुटं ऑइल टाकून डब्याचं बिल लावतात, किंवा डब्यातलंच ऑइल नकली असतं. नकली डबा तर तुम्ही दुकानातून घरी आणला तरी नकलीच राहणार. अख्ख्या, बूच लावलेल्या रिकाम्या डब्याला भंगारवाला फोडलेल्या डब्यापेक्षा जादा देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या डब्यांचं पुढे काय होत असेल ते समजायला शेरलॉक लागत नाही. म्हणून डबा घरचा असो की गॅरेजचा, ओतून झाला की स्क्रूड्रायव्हरने भोसका. आमचा फिटर मी स्टुलावर बसलो की न सांगता माझ्यासमोर सील फोडतो. स्टुलावर बसायचे पैसे पडत नाहीत.

काळ्या रंगाची भीती मला सगळ्यात खटकते, कारण तिच्यापायी लोक हजार-दीड हजार किलोमीटरला चांगलं ऑइल फेकून देतात. ऑइलात इंजिन धुणारे आणि काजळी तरंगत ठेवणारे घटक मिसळलेले असतात. ते काळं पडतंय म्हणजे काजळी धातूवर चिकटायच्या ऐवजी ऑइलात आलीय. बोटावर घेऊन, चोळून 'पॉवर गेली' म्हणणारे फिटर मला आवडतात, पण ते ज्योतिष आहे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत 6,000 किलोमीटर लिहिलंय आणि मधे पातळी बघून भर घाला असं सांगितलंय. मी वर्षाला दोनदा बदलतो ते माझं रोजचं फिरणं दोन-दोन किलोमीटरचं असतं म्हणून. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, ऑइलात ओलावा साठतो.

घाबरायचा रंग वेगळा. ऑगस्ट 2019 च्या पुरात माझी गाडी दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर चिखल धुतला आणि किक मारायच्या आधी खालचा नट काढला. आधी नुसतं पाणी आलं, मग टपरीवरच्या चहासारखं दाट, दुधाळ काहीतरी. तीनदा स्वस्तातलं ऑइल घालून काढलं, तेव्हा कुठे दुधाळपणा गेला. आमच्या गल्लीत ज्यांनी घाईने किक मारली त्यातल्या दोघांची इंजिनं खोलावी लागली. दुधाळ ऑइल, पेट्रोलचा वास, किंवा बोटावर चमचमणारा धातूचा चुरा दिसला तर किलोमीटर मोजत बसू नका. आणि तेव्हा घरीही काही करू नका, फिटरकडे जा.

कारचं ऑइल बाइकमध्ये टाकायचा सल्ला सरळ नुकसानीचा आहे. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात बुडालेले असतात. कारमध्ये क्लच कोरडा, वेगळा. त्यामुळे कारच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, आणि क्लच प्लेटा तर घर्षणावरच चालतात. मग चढावर इंजिन बोंबलतं आणि गाडी पुढे सरकत नाही. डब्याच्या मागे 'जासो' या जपानी मानकाची छोटी खूण असते: मोटरसायकलला एमए किंवा एमए2, गिअर नसलेल्या स्कूटरला एमबी. 10डब्ल्यू-30 हा आकडा जुळला म्हणून ऑइल जुळलं असं होत नाही. त्याने फक्त दाटपणा कळतो. महाग म्हणजे चांगलं हेही इथे खोटं, माझ्या गाडीला लागणारं एमए2 त्या कारच्या सिंथेटिकच्या निम्म्या किमतीत मिळतं. आणि मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा स्कूटर कधी उघडलेली नाही, कारण मागच्या चाकापाशी जे शंभर-सव्वाशे मिली गिअर ऑइल वेगळं असतं त्याचा उल्लेखच नाही. तसंच स्प्लेंडरमध्ये बदलायचा कागदी फिल्टर नसतो. उजव्या कव्हरखाली जाळी आणि फिरणारा फिल्टर असतो, तो अधूनमधून उघडून साफ करावा लागतो. ते मी घरी करत नाही. कव्हरच्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं की पुन्हा पेव्हर ब्लॉक आणि पुन्हा सेक्रेटरी.

वॉरंटीचा 'कोर्टाचा निकाल' म्हणजे बहुधा भारतीय स्पर्धा आयोगाचा 2014 चा आदेश. आयोगाने 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड लावला आणि बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका असं सांगितलं. आदेश महत्त्वाचा आहे. पण तो कार कंपन्यांविरुद्ध होता, त्यावर पुढे अपिलं झाली, आणि त्यातला 'बाहेरचा मेकॅनिक' म्हणजे पार्किंगमध्ये घमेलं घेऊन बसलेला मी नव्हे. वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन बसलं तर कंपनी पहिल्यांदा सर्व्हिसची नोंद मागते. नव्या गाडीच्या सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी लागत नाही, फक्त ऑइलचे पैसे लागतात. तेव्हा घरी बदलून काय वाचणार?

राहिलं जळकं ऑइल. गावाकडे ते वाळवीला, बैलगाडीच्या आखाला, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायची रीत आहे, माझ्या आजोबांच्या गोठ्याच्या मेढींना अजून तो वास येतो. पण वापरलेल्या ऑइलात धातू आणि त्वचेला घातक रसायनं उतरलेली असतात. झाडाच्या बुंध्याला, विहिरीजवळच्या जमिनीत किंवा गटारात ते जाता कामा नये. हातमोजे मी याच कारणाने घालतो. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी ऑइल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही आहे. पण माझ्या घरातल्या पाऊण लिटरपर्यंत त्यातलं कोणी पोहोचत नाही. न्यू जर्सीतला मावसभाऊ ते पार्टच्या दुकानात नेऊन देतो, तिथे फुकट घेतात. आपल्याकडे ती सोय फिटरच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या बॅरलची आहे, आणि ते बॅरल मी घरी बसवू शकत नाही.

म्हणून दर सहा महिन्यांनी मी निघालेलं ऑइल एका डब्यात भरून, डबा पिशवीत घालून फिटरकडे जातो. मागच्या वेळी त्याने डबा बॅरलमध्ये उपडा केला, माझ्या काळ्या नखांकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, एवढं चालत आलाच आहे तर गाडीच आणायची की ओ. पन्नास रुपयांत बदलून दिलं असतं."