सुपरमॅनची लाल चड्डी आणि ‘मूळ पोशाख’

गेल्या आठवड्यात एका तरुण चित्रकाराने सुपरमॅनचं स्वतः काढलेलं चित्र टाकलं. उडणारा सुपरमॅन, निळ्या पोशाखावरच्या लाल चड्डीशिवायचा. तासाभरात लोक त्याच्यावर तुटून पडले. ‘मूळ पोशाखाला हात लावायचा तुला अधिकार काय?’ हाच सूर सगळ्यांचा. मला ते वाचून फार वाईट वाटलं, कारण एके काळी मीही हेच बोलत होतो.

२०११ च्या सप्टेंबरात सुपरमॅनच्या प्रकाशकाने, डीसीने, आपली मासिकं नव्याने पहिल्या अंकापासून सुरू केली, तेव्हा सुपरमॅनची लाल चड्डी गेली. चित्रकार जिम लीने आखलेल्या नव्या पोशाखाला उभी कॉलर होती, अंगभर चिलखतासारख्या रेषा होत्या आणि कमरेला लाल पट्टा होता. मी भयंकर चिडलो होतो. मित्रांशी रात्र रात्र भांडलो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, चड्डी जायला नको होती हे माझं म्हणणं बरोबर होतं, पण त्यासाठी मी देत होतो ते कारण साफ चूक होतं.

‘मूळ’ म्हणजे नेमकं कुठलं? १९३८ च्या पहिल्या अंकातल्या सुपरमॅनच्या छातीवर बिल्ल्याएवढं छोटं चिन्ह आहे. आज आपण ज्याला त्याचं चिन्ह म्हणतो तो मोठा, ठसठशीत एस पुढच्या काही वर्षांत बदलत बदलत घडला. कॅप्टन अमेरिकाची ढाल १९४१ च्या पहिल्या अंकात गोल नव्हतीच, वर सपाट आणि खाली टोकदार होती. दुसऱ्या एका प्रकाशकाने ती आपल्या नायकाच्या छातीवरच्या ढालीच्या आकारासारखी दिसते अशी हरकत घेतली, म्हणून दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली. आज तो ढाल भिरकावतो, ती भिंतींवर आपटून परत हातात येते, हे दृश्य त्या गोल आकाराशिवाय कुणाला सुचलं असतं? डेअरडेव्हिल हा नायक १९६४ मध्ये पिवळ्या पोशाखात होता. चित्रकार वॉली वुडने सातव्या अंकात त्याला डोक्यापासून पायापर्यंत लाल केलं आणि तोच त्याचा चेहरा ठरला. हल्क १९६२ च्या पहिल्या अंकात करडा होता. छपाईत तो करडा रंग पानागणिक वेगळा उतरायला लागला, म्हणून दुसऱ्या अंकात तो हिरवा झाला.

फँटमचं तर विचारूच नका. त्याचा निर्माता ली फॉक, त्याच्या मनात हा पोशाख करडा होता. १९३६ पासून वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी काळ्या-पांढऱ्यात छापली जायची, त्यामुळे प्रश्न आला नाही. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि तो जांभळा होऊन बाहेर पडला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. त्या त्या देशातल्या वाचकाला आपलाच फँटम खरा वाटतो, आणि निर्मात्याच्या मनातला करडा फँटम मात्र कुणाच्याच आठवणीत नाही.

म्हणून ‘मूळ आहे म्हणून ठेवा’ हा युक्तिवाद मी सोडून दिला. मग चड्डी का हवी?

कारण ती चित्राला हवी. चड्डी म्हटलं की लोक हसतात, पण मी हे पूर्ण गांभीर्याने लिहितोय. सुपरमॅनचा पहिला चित्रकार जो शुस्टर याने तो पोशाख बेतला तेव्हा त्याच्यासमोर सर्कशीतले पहिलवान होते. अंगाला घट्ट कपडा, वर चड्डी. त्या काळच्या वाचकाला एका नजरेत कळायचं की हा ताकदीचा माणूस आहे. ती ओळख आता पुसली गेली असेल, मान्य. पण रंगांचं काम पुसलं गेलेलं नाही. वरून खाली बघा: निळी छाती, पिवळा पट्टा, लाल चड्डी, निळ्या मांड्या, लाल बूट. निळा रंग मध्येच तुटतो, म्हणून धड कुठे संपतं आणि पाय कुठे सुरू होतात हे अंगठ्याएवढ्या चौकटीतही दिसतं. सुपरमॅन सरळ उभा क्वचितच असतो. तो उडतो, वळतो, अंगावर येतो, पाठमोरा दूर जातो. या प्रत्येक वेळी कंबर हा शरीराचा बिजागर असतो आणि तो लाल तुकडा तुम्हाला बिजागर दाखवतो.

मी लहानपणी स्केचपेनने सुपरमॅन काढायचो, ढीगभर काढले. २०११ नंतर हट्टाने नवा पोशाख काढून पाहिला. बाजूने उडणारी आकृती काढली की गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एक लांबलचक निळा पट्टा तयार व्हायचा. तो भरून काढायला मी शिवणी वाढवायचो, सावल्या वाढवायचो, आणि चित्र आणखी जड व्हायचं. जिम लीसारखा कसलेला हात ते सांभाळून नेतो. पण त्यालाही पिवळा पट्टा काढून लाल करावासा वाटला, यातच मला लाल रंगाची गरज दिसते. २०१८ मध्ये ॲक्शन कॉमिक्स या सुपरमॅनच्या मासिकाच्या हजाराव्या अंकात चड्डी परत आली, तेव्हा मला झालेला आनंद आठवणींचा नव्हता. आकृती पुन्हा मोकळी झाली होती, त्याचा होता.

आणि याच कसोटीने काही बदल मी छातीठोकपणे उचलून धरतो. कॅरोल डॅनव्हर्स, म्हणजे आजची कॅप्टन मार्व्हल, ही हवाई दलातली वैमानिक. तिने वर्षानुवर्षं उघड्या पायांचा काळा स्विमसूट आणि कमरेला लाल पट्टा घालून लढाया केल्या. २०१२ मध्ये चित्रकार जेमी मॅकेल्वीने तिला अंगभर, वैमानिकाच्या पोशाखासारखा पोशाख दिला. निळा, लाल, सोनेरी, छातीवर तारा. ती कोण आहे हे त्या कपड्यांनी पहिल्यांदा सांगितलं. तेव्हाही ‘मूळ’ची हाकाटी झालीच. तिथे मूळ सांभाळायचं म्हणजे नेमकं काय सांभाळायचं होतं, याचं उत्तर मला आजतागायत कुणी दिलेलं नाही.

उलट वंडर वुमनचं बघा. १९६८ मध्ये तिचा पोशाख काढून तिला साधे कपडे दिले, पुढे ते पांढरेशुभ्र झाले. नव्या जमान्याची बाई दाखवायची होती म्हणे. पण पोशाखाबरोबर तिच्या शक्तीही काढून घेतल्या. १९७२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी निघालेल्या ‘मिझ’ (Ms.) या अमेरिकन मासिकाने पहिल्याच नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर तिला जुन्या पोशाखात, इमारतींहून उंच उभी केली. पुढच्याच वर्षी तो पोशाख आणि शक्ती दोन्ही परत आल्या. जुन्यासाठी भांडणारे नेहमी आठवणीतच अडकलेले असतात असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात घ्यावं. इथे जुनं मागणं म्हणजे तिचं हिरावलेलं बळ परत मागणं होतं.

स्पायडरमॅनचा १९८४ चा काळा पोशाख मला या सगळ्यात सर्वात आवडतो. त्याची कल्पना एका वाचकाने पाठवली होती आणि स्पायडरमॅनच्या प्रकाशकाने, मार्व्हलने, ती २२० डॉलरला विकत घेतली. पोशाख आला तेव्हा पुष्कळ वाचक नाराज झाले. पण चित्रकाराच्या बाजूने विचार करा. लाल-निळ्या पोशाखावरची जाळी प्रत्येक चौकटीत, अंगाच्या प्रत्येक वळणाबरोबर वाकवत काढायची, आणि अशी वीस-बावीस पानं दर महिन्याला. काळ्या पोशाखात ती रेषच नाही, फक्त छाती-पाठीवर पसरलेला पांढरा कोळी. नंतर लाल-निळा परत आला, आणि त्या टाकून दिलेल्या काळ्या पोशाखातून १९८८ मध्ये व्हेनम हा त्याचा शत्रू उभा राहिला. वाचकांचं ऐकून तो पोशाख पहिल्याच महिन्यात गाडला असता, तर हे पात्रच जन्माला आलं नसतं.

मी बदलाच्या बाजूचा की जुन्याच्या बाजूचा, असं मला सारखं विचारतात. मी चित्राच्या बाजूचा आहे. माझं मत द्यायला मला आधी चित्र नीट बघावं लागतं, आणि शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलाचं चित्र नीट पाहिलं असेल, मला शंका आहे. त्याने केप फार सुंदर काढली होती. वाऱ्याने फुगलेली, आतल्या बाजूला गडद होत गेलेली.

मी त्याला वेगळं लिहिलं. केपबद्दल सांगितलं, आणि हेही सांगितलं की उडताना त्याचं शरीर कमरेत कुठे वळतंय ते कळत नाही, मधला निळा फार लांबलाय. तिथे लाल काहीतरी घालून बघ, चड्डी नको असेल तर रुंद पट्टा घाल. काल त्याने तीन नवी चित्रं पाठवली. एकात पट्टा आहे, एकात मांडीच्या बाजूने लाल पट्टी आहे आणि तिसऱ्यात चड्डी. मला पट्ट्याचं सर्वात जास्त आवडलं.